आधी स्वतःचं चुकलेलं उत्तर वाच

प्रिय डॉक्टर,

नोंदणी झालेली नाही म्हणून ही हाक तुला टोचत असेल. टोचू दे, मी तीच मारणार.

रोज दोनशे प्रश्न सोडवूनही ग्रँड टेस्टमध्ये, म्हणजे पूर्ण सराव परीक्षेत, गाडी १४० च्या पुढे सरकत नाही, असं तू लिहिलंस. एफएमजीईला, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या इथल्या पात्रता परीक्षेला, ३०० पैकी १५० लागतात. म्हणजे अडलंय ते दहा प्रश्नांवर. पण ते दहा प्रश्न रोजच्या दोनशेचे तीनशे करून हाती लागतील असं मला वाटत नाही. तुझ्या वहीचे फोटो पाहिले. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे बरोबर उत्तर सुवाच्य लिहिलंय. आपण कोणता पर्याय निवडला होता आणि का, हे मात्र एकाही पानावर नाही.

एक प्रश्न घेऊ. आठ महिन्यांचं, आठ किलोचं बाळ. दोन दिवस जुलाब. मलूल, डोळे खोल गेलेले, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर फार सावकाश पूर्ववत होते. पहिल्या टप्प्यात सलाईन किती आणि किती वेळात? प्लॅन सी, म्हणजे शरीरातलं पाणी फार कमी झाल्यावरचा उपचार, किलोला १०० मिली रिंगर लॅक्टेट, हे तुला झोपेतही सांगता येईल. पण बाळ वर्षाच्या आतलं आहे, म्हणून किलोमागे ३० मिली, म्हणजे २४० मिली, एका तासात. उरलेले ७० पुढच्या पाच तासांत. वर्षाच्या वरच्या मुलाला तेच ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. पेपर काढणारा हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवतो. 'अर्धा तास' निवडणाऱ्याला प्लॅन येतो, तरी गुण जातो. अशा वेळी वहीत प्लॅन सी पुन्हा उतरवू नकोस. 'वय वाचलं नाही' एवढंच लिही.

मग तोच प्रश्न उलटापालटा कर. बाळ मलूल नाही, किरकिरं आहे, पाणी दिलं की अधाशासारखं पितंय आणि त्वचा सावकाश, पण फार सावकाश नाही, पूर्ववत होते; आता? पाणी थोडं कमी झाल्यावरचा प्लॅन बी, किलोला ७५ मिली ओआरएस चार तासांत, म्हणजे ६०० मिली. असे दिवसाला साठ प्रश्न झाले तरी मला पुरे.

दुसरी सवय प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची. अपघातातला रुग्ण, धाप, रक्तदाब घसरतोय, श्वासनलिका एका बाजूला सरकलेली, दुसऱ्या बाजूला श्वासाचा आवाज नाही. विचारलंय 'आता लगेच काय कराल?' आणि पर्यायांत छातीचा एक्स-रे आहेच. तिथे छातीत कोंडलेली हवा सोडणारी सुई आधी. एक्स-रे काढेपर्यंत रुग्ण थांबत नाही.

रिकॉलच्या, म्हणजे मागच्या परीक्षांत आलेल्या प्रश्नांच्या, पीडीएफवर माझा फारसा विश्वास नाही. अधिकृत प्रश्नपत्रिका बाहेर येत नाही, त्यामुळे ती सगळी आठवणीतून लिहिलेली असते. प्रश्न अर्धवट आणि उत्तर कोणीतरी ठोकून दिलेलं. पीएसएममध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात, तर घात होतो. क्षयरोगाची आठवड्यातून तीनदा औषधं सांगणारं उत्तर २०१७ नंतर चालत नाही, कार्यक्रमाचं नावही २०२० मध्ये बदललं. पोलिओच्या एफआयपीव्ही या टोचायच्या लसीचा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात आला. तुझं शिक्षण परदेशात झालं, आपले राष्ट्रीय कार्यक्रम तिथे कोण शिकवणार? आणि पीएसएमला ३० प्रश्न असतात, जवळजवळ सर्जरीइतके. तुझे दहा बहुधा इथेच आहेत.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. हे तुला माहीत असणार, तरी लिहून टाकतो.

पुढच्या ग्रँड टेस्टनंतर मला स्कोअर कळवू नकोस. चुकलेल्या प्रश्नांची पानं पाठव, प्रत्येकापुढे तू निवडलेला पर्याय आणि त्याचं कारण लिहून. पीएसएमची पानं आधी.

तुझा,
एक सीनियर