कीर्तनाला नव्याने उभ्या राहणाऱ्या मुलीस

बाळ, घरातून विरोध होत असताना बैलहोंगलच्या एका कानडी भाषिक व्यापाऱ्याने न मागता तुझ्यासाठी पखवाज पाठविला, हे वाचून माझे डोळे भरून आले. ही पांडुरंगाची खूण मानावी का, असे तू विचारतेस. मानावी, कारण देणाऱ्याचा तुझ्याशी ना नात्याचा संबंध, ना भाषेचा, ना लाभाचा.

संत बहिणाबाईंच्या बाबतीत कोल्हापुरात असेच घडले. त्यांच्यासोबत कीर्तनाला आलेले वासरू लोकांनी बाहेर काढले, तेव्हा कीर्तन करणाऱ्या जयरामस्वामींनी वासराला आणि लहानग्या बहिणाबाईंना आत बोलावून घेतले आणि त्यांचा अधिकार ओळखला. त्यानंतरही पतीकडून होणारा छळ थांबला नाही, हेही ध्यानात ठेव. आधार मिळाला म्हणून घरच्यांशी वाद घालू नकोस.

कीर्तनाचे मोल घेऊ नये, हा वारकऱ्यांचा जुना दंडक आहे (आणि मला तो आजही प्राणाहून प्रिय आहे), म्हणून पखवाज स्वतःच्या नावे न ठेवता गावच्या विठ्ठल मंदिरात ठेव आणि त्या गृहस्थांकडे पुन्हा काही मागू नकोस. येत्या एकादशीला त्यांना आवर्जून बोलाव आणि निरूपणाचा थोडा भाग त्यांच्यासाठी कन्नडमध्ये कर.