मुलगा कोड लिहून चाली काढतो, पुढे काय?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. रात्री लॅपटॉपवर कोड टाइप करतो आणि त्यातून गाणं वाजतं. यातच करिअर करायचं म्हणतो. आमचा चादरीचा कारखाना आहे. यात पोटापाण्याचं काही आहे का? त्याची आई आवाजाला वैतागलीय.
– एक पालक, सोलापूर

नमस्कार. तुमच्या जॅकार्डवर पंच कार्ड चढतं, भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो आणि चादरीवर मोर उमटतो. मुलगा तेच करतोय, फक्त धाग्यांच्या जागी सूर आहेत. संगणकात प्रत्येक सुराला आकडा असतो. मधला सा ६० धरला तर भूप रागाचे सूर ६०, ६२, ६४, ६७, ६९. यातला कुठलाही उचल म्हटलं तर कानाला खटकत नाही, पण चाल नुसती भटकत राहते. मग तो नियम घालतो : ध नंतर बहुतेकदा प, आठव्या मात्रेला सा. खाली बासला ३६, म्हणजे दोन सप्तकं खालचा सा, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. लगेच पाय ठेका धरतो. खूळ नवीन नाही, इलिनॉय विद्यापीठात १९५७ सालीच संगणकाकडून चार तंतुवाद्यांची रचना करून घेतली होती.

आता पोटापाण्याचं. नुसत्या चाली काढणाऱ्या कोडला पगार देणारी नोकरी सोलापुरात माझ्या पाहण्यात नाही. गेमचा आवाज, संगीताची सॉफ्टवेअर यांत काम असतं, पण तिथे सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा आणि सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाजाच्या लहरींवरचं गणित, लागतं. म्हणून सीईटी नीट देऊ द्या. इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर किंवा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), दोन्ही चालेल. सोलापुरातल्याच वालचंदला मिळालं तर घरचं जेवणही सुटणार नाही. आवाजाकडेच ओढा राहिला तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयचा साउंडचा कोर्स आहे.

पण माझा खरा आग्रह वेगळा आहे. त्याला पेटीच्या क्लासला घाला, गांधर्वच्या परीक्षा देऊ द्या. यंत्र रात्रीत शंभर चाली काढेल, त्यातली ठेवायची कुठली हे कान ठरवतो. या रविवारी त्याच्याकडून भूपाच्या वीस चाली मागा, तीन निवडायला सांगा, आणि उरलेल्या सतरा का टाकल्या ते विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर क्लास लगेच लावा.

आणि हो, चांगला हेडफोन घेऊन द्या. आईंना झोप लागेल, आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर तो ३६ चा बास तसाही धड ऐकू येत नाही.