नायिकेवर लिहायचंय? बेणारेबाईंपासून सुरुवात करा

आवडत्या नायिकेवर लिहिताना नवखे ‘सोशिक’, ‘बंडखोर’ अशा विशेषणांवर भागवतात. ती शंभर जणींना लागू पडतात, म्हणून लेख पडतो. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे नाटक घ्या. त्यात हौशी नाटकमंडळी खेळ म्हणून खोटा खटला चालवतात आणि त्यांच्यातल्याच बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात. आधी सलग वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिलीनं समासात दोन वेगळ्या खुणा करा: बेणारे स्वतः काय बोलते-करते, आणि इतर तिच्याविषयी काय बोलतात. सुरुवातीला तीच सगळ्यांच्या टोप्या उडवते. पुढे तिच्या खुणा विरळ होतात, इतरांच्या दाटतात. माझ्या मते ती मनात रुतते ती यामुळेच.

बचावासाठी तिला दहा सेकंद मिळतात. मग येतं ते लांबलचक स्वगत, जे रंगमंचावर कुणालाच ऐकू जात नाही. घसरायला होतं ते इथे: नुसतं स्वगत उचललं की बाई फक्त दुःखी वाटते, तिचा खट्याळपणा हरवतो.

खेळातला आरोपही तपासा: भ्रूणहत्या. आणि निकालात तेच कोर्ट तिच्या पोटातला गर्भ नष्ट करायला सांगतं! हा उलटा फेरा नीट मांडलात तर विशेषणं लागतच नाहीत.

नंतर हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतल्या यमूकडे वळा. तिथे निवेदन तिचंच, त्यामुळे खुणा बदला: ती काय सविस्तर सांगते, काय घाईनं आटोपते.