दाढेची भूल, पाठीतलं इंजेक्शन आणि बाळाच्या हिरड्यांचं जेल : वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : बाबांची खालची दाढ पू होऊन सुजली होती. डेंटिस्टनी दोन इंजेक्शनं दिली तरी दाढेला हात लावला की बाबा कळवळायचे. शेवटी डॉक्टरांनी पू काढला आणि गोळ्या देऊन चार दिवसांनी बोलावलं. इंजेक्शन खराब होतं का? काही जणांना भूल चढतच नाही म्हणतात, ते खरं आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इंजेक्शन खराब असण्याची शक्यता फार कमी आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं ते अगदी बरोबर केलं. दाढेतून मेंदूकडे दुखण्याचा निरोप जातो तो विजेच्या लहरीसारखा, आणि ती लहर पुढे सरकते कारण मज्जातंतूच्या पडद्यातल्या बारीक दारांतून सोडियम आत घुसतं. लिग्नोकेन, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे झायलोकेन म्हणतात ते 1943 साली स्वीडनमध्ये तयार झालेलं औषध, ही दारं बंद करतं, पण बाहेरून नाही तर मज्जातंतूच्या आत शिरून आतल्या बाजूने. आत शिरायचं तर चरबीचा पडदा ओलांडावा लागतो आणि ते जमतं फक्त औषधाच्या विद्युतभार नसलेल्या रूपाला. निरोगी हिरडीत साधारण पाव भाग औषध या रूपात असतं. पू झाला की ती जागा आम्लधर्मी होते, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, कमी झाला की आम्लता जास्त) 7.4 वरून समजा 6.5 वर आला तर तो पाव भाग शंभरात जेमतेम 4 उरतो. म्हणजे औषध तेवढंच दिलं तरी आत पोचणारं फारच थोडं. शिवाय सुजेमुळे तिथे रक्त जास्त खेळतं, ते औषध लवकर वाहून नेतं, आणि सुजलेले मज्जातंतू मुळात जास्त चिडलेले असतात ते वेगळंच.

मग अजून इंजेक्शनं का नाही दिली, असं मनात येईल. मर्यादा असते हो. ॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) न घातलेलं लिग्नोकेन वजनाच्या दर किलोला साधारण 4.5 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, 60 किलोच्या माणसाला म्हणजे 270 मिलिग्रॅम, 2 टक्क्यांचं औषध असेल तर साडेतेरा मिलिलिटर, आणि म्हातारं माणूस असेल, लिव्हर किंवा हार्टचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. जास्त झालं की ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव, आणि पुढे आकडीसुद्धा येऊ शकते. म्हणून पू काढून सूज उतरू देणं, किंवा पुवापासून लांब, जबड्याच्या मागच्या बाजूला जिथे मुख्य मज्जातंतू हाडात शिरतो तिथे भूल देणं, हे शहाणपणाचे मार्ग. तिथली भूल चढायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि त्या मज्जातंतूची जागा माणसागणिक थोडी इकडेतिकडे असते, त्यामुळे कधी कधी पहिलं इंजेक्शन चुकतं. भूल चढतच नाही अशी जी माणसं सांगतात त्यांच्यातल्या बहुतेकांचं कारण हेच असतं.

एक मात्र बाबांना नक्की सांगा. भूल नीट चढली तरी ओढल्याचं, दाबल्याचं कळतं, कारण दाब कळवणारे जाड तंतू दुखणं कळवणाऱ्या बारीक तंतूंपेक्षा उशिरा बधिर होतात. पण टोचल्यासारखं, झिणझिणून दुखलं तर हात वर करायचा, सहन करत बसायचं नाही. "पुरुषमाणूस आहे, सोसेल" असं कुणी म्हटलं तर मला मनापासून राग येतो.

प्रश्न : सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं होतं. दोन वर्षं झाली, कंबर दुखते. सासूबाई म्हणतात त्या इंजेक्शनमुळेच. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, ही समजूत घरोघरी आहे, पण बरोबर नाही. त्या इंजेक्शनात बहुतेक वेळा ब्युपिवाकेन नावाचं भुलीचं औषध असतं, तेही मज्जातंतूतली सोडियमची तीच दारं बंद करतं, फक्त जास्त वेळ, आणि काही तासांत उतरतं. सुई टोचलेली जागा थोडे दिवस ठणकू शकते. दोन वर्षं कंबर दुखते ती गरोदरपणात सैल झालेले सांध्यांचे बंध, पोटाचे कमजोर झालेले स्नायू, बाळाला वाकून उचलणं, वाकडं बसून दूध पाजणं यांनी, नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बायकांनाही हे होतंच. फिजिओथेरपिस्टकडे जा, व्यायाम शिकून घ्या, आणि कृपा करून हे दुखणं "आता असंच राहणार" म्हणून अंगावर काढू नका. पायात ताकद कमी वाटली किंवा लघवी-संडासवर ताबा राहत नसेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : बाळाला दात येतायत, फार रडतं. मेडिकलमधून हिरड्या बधिर करणारं जेल आणू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नको. अशा जेलमध्ये बेंझोकेन किंवा लिग्नोकेन ही बधिर करणारी औषधं असतात. दोन वर्षांखालच्या बाळांना बेंझोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमता धोकादायक कमी होऊ शकते, आणि लिग्नोकेनचं जेल लाळेबरोबर पोटात जातं, बाळाच्या एवढ्याशा वजनाला ते जास्त झालं तर आकडी येऊ शकते. स्वच्छ ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या, हात धुऊन बोटाने हिरड्या हलक्या चोळा. ताप चढला किंवा बाळ दूधच घेईना तर दात येतायत म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.