नव्या माणसाला तोंडी सांगितलं, तर पुरत नाही का?

प्रश्न : आमच्या संस्थेत 25 जण आहेत. संगणक कसा वापरायचा हे रुजू होताना तोंडी सांगतो. तरी लेखी धोरण हवंच का?

उत्तर : हवंच. समजा, हिशेबाचं फोल्डर डिलीट झालं. लॉगमध्ये, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदीत, वेळ दिसते दुपारी 1:40, नाव दिसतं ‘अकाउंट्स’. या लॉगिनचा पासवर्ड चौघांना ठाऊक, शिवाय मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. आता धरणार कोणाला? म्हणून पहिलं कलम हेच : ज्याचं त्याचं लॉगिन वेगळं, पासवर्ड साहेबांनाही सांगायचा नाही.

‘गैरवापर करू नये’ असलं मोघम वाक्य कामाचं नाही. ‘सॉफ्टवेअर फक्त आयटीवाला टाकेल’, ‘बाहेरचा पेन ड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडायचा नाही’ असं लिहा. खासगी वापरावर सरसकट बंदी नको. ती कोणी पाळत नाही, आणि एक कलम रोज मोडलं जाऊ लागलं की बाकीचीही सैल पडतात. जेवणाच्या सुट्टीत चालेल, एवढं पुरे. मेल किंवा ब्राउझिंग तपासणार असाल, तर ते आधीच लिहून सही घ्या.

अपडेट रखडवू नयेत, हेही हवं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ व्हायरस मे 2017 मध्ये पसरला. ती फट बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आला होता; अनेकांनी तो टाकलाच नव्हता. नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करा. शेअर केलेल्या क्लाउड फोल्डरमधून नाव काढायचं हमखास राहून जातं.

इंटरनेटवरून उचललेलं 30 पानी धोरण मात्र नको. त्यात ‘यूएसबी पोर्ट बंद आहेत’ असं छापलेलं असतं आणि इथे पोर्ट सगळे चालू! दोन-तीन पानं, वर तारीख नि आवृत्ती क्रमांक, वर्षातून एकदा उजळणी.

प्रश्न : दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती करावी का?

उत्तर : नको. लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेनेही 2017 मध्ये अशी ठरावीक मुदतीची सक्ती नको, असंच सुचवलं. लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण, उदा. फोनवरचा कोड) ठेवा. फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला. संशय आल्यावर फोन कोणाला करायचा, ते धोरणात नंबरासकट द्या आणि स्वतःहून कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असंही लिहा. नाहीतर चुकून खोट्या लिंकवर क्लिक केलेला माणूस संध्याकाळपर्यंत गप्प बसतो.