लॅबमध्ये काम करून एचआयव्ही होईल का?

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागतेय आणि घरचे म्हणतायत की रक्ताचं काम, एचआयव्ही होईल, नको जाऊस, असं तुमचं असेल तर मी याच लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो, घरच्यांची भीती चुकीच्या आजाराची आहे. एचआयव्ही पेशंटला टोचलेली सुई आपल्याला टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटीस बी मध्ये मात्र लस घेतलेली नसेल तर 6 ते 30 टक्के, आणि तो व्हायरस टेबलावर सुकलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो, एवढी ताकद एचआयव्हीत नाही. त्यामुळे जॉइन व्हायच्या आधीच लस सुरू करा, 0, 1 आणि 6 महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लसीमुळे रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या त्याची टेस्ट) बघा, 10 mIU/mL च्या वर पाहिजे. हे टायटर कोणीच करत नाही, स्वतः लॅबवाले असून!

सुई टोचते ती अनेकदा टोपण परत लावताना, सकाळी फास्टिंगवाल्यांची गर्दी असते, एक हात कापसावर, दुसऱ्या हाताने टोपण लावायला जातो आणि गेलं बोटात. टोपण लावायचंच नाही, सुई सरळ हब कटरमध्ये (वापरलेली सुई कापून टाकायचं यंत्र). टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, बोट पिळू नका, तोंडात घालू नका, त्यावर हायपो (लॅबमधलं ब्लीच) ओतू नका (हे खरंच करतात लोक) आणि लगेच सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणारा विभाग) जा. एचआयव्हीची लागण रोखणारं औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही, कोर्स 28 दिवसांचा.

आणखी एक, जे डोळ्याला दिसत नाही. सेंट्रीफ्यूजमध्ये (रक्ताच्या ट्यूब जोरात फिरवायचं मशीन) ट्यूब फुटली की लगेच झाकण उघडायचं नाही, मशीन बंद करून अर्धा तास थांबायचं कारण आत बारीक थेंब उडत असतात. टीबीच्या थुंकीचं पण तसंच, तिथे नुसते ग्लोव्ह्ज कामाचे नाहीत, एन-95 आणि मोकळी हवा पाहिजे.

बाकी लसीचे पैसे मालकाने द्यायचे की तुम्ही? 2016 च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत हा कचरा हाताळणाऱ्या स्टाफला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी लॅब चालवणाऱ्यावर टाकलीय, तेव्हा इंटरव्ह्यूमध्येच विचारा.