थकबाकी आणि सरकारी नोकरी : एका उमेदवारास पत्र

नौपाडा, ठाणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीवर भेटलास, तेव्हा क्रेडिट कार्डाची बाकी आणि दुचाकीचे चुकलेले तीन हप्ते यांमुळे नोकरीत अडचण येईल का, असे तू विचारलेस. त्यावर मी घाईघाईने ‘काही होत नाही’ म्हणालो. पण ते उत्तर अर्धेच होते.

तू लोकसेवा आयोगाचीही तयारी करतोस आणि बँकेचेही अर्ज भरतोस. या दोन वाटांवर कर्जाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी आहे. आयोगाच्या परीक्षेत क्रेडिट स्कोअर कोणी विचारत नाही. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीच्या जाहिरातीत मात्र २०२३ पासून कर्जफेडीच्या इतिहासाची अट दिसू लागली आहे, आणि स्टेट बँकेच्या अटीने तर थकबाकीची नोंद असलेल्यास नेमणूकच नाकारली जाऊ शकते. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात उमेदवाराने सारी बाकी फेडलेली होती. तरीही पूर्वीच्या नोंदींवरून त्या बँकेने रद्द केलेली नेमणूक न्यायालयाने कायम रद्दच ठेवली. दुसऱ्यांच्या पैशाची राखण ज्याच्याकडे सोपवायची, त्याचा स्वतःचा व्यवहार कसा आहे हे बँकेने पाहू नये, असे मला तरी म्हणवत नाही.

म्हणूनच वसुलीचा माणूस ‘निम्मे भरा, मिटवून टाकू’ म्हणाला तर भुलू नकोस. तडजोडीने मिटवलेले खाते कर्जफेडीच्या अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून उमटते, पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’ म्हणून, आणि या दोन शब्दांतले अंतर तुला मुलाखतीनंतर कळावे अशी माझी इच्छा नाही. हा अहवाल तयार करणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. तो आधी मागव. नोंद चुकीची असेल तर तक्रार कर. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

राज्य सेवेत खरी परीक्षा रुजू झाल्यावर सुरू होते. वर्तणूक नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याने सततचा कर्जबाजारीपणा टाळायचा असतो आणि कर्जवसुलीसाठी न्यायालयीन कारवाई झाल्यास ती वरिष्ठांना लगेच कळवायची असते. केंद्राच्या १९६४ च्या नियमांत तर हे कर्ज उधळपट्टीतून झालेले नाही, हे सिद्ध करण्याचा भारही कर्मचाऱ्यावरच टाकला आहे. (ग्रामपंचायतीची घरपट्टी मागणीबिल मिळूनही तीन महिन्यांत न भरणारा सदस्यपदास अपात्र ठरतो, हे तुझ्या गावाकडच्या काकांच्या कानावर घालायला हरकत नाही.)

हप्त्याचा धनादेश शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर नोटिशीनंतरही पैसे न भरल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेल्यासही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात तशीच तरतूद आहे. असा खटला उभा राहिला तर चारित्र्य पडताळणीच्या अर्जात तो लिहावा लागतो. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडवणे हे नेमणूक रद्द होण्याचे कारण ठरू शकते असे म्हटले आहे; मात्र प्रकरण किरकोळ असेल तर ती चूक माफ करायची की नाही, हे नेमणूक करणाऱ्याच्या विवेकावर सोडले आहे.

आता माझे सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका सहकाऱ्याला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलो. त्याने हप्ते थांबवले, वसुलीचे पत्र माझ्या कार्यालयात आले आणि दोन वर्षे कपात माझ्या पगारातून झाली. तेवढ्यावर भागले नाही; आस्थापना शाखेत लेखी खुलासा द्यावा लागला, आणि जो रुपयाही मी घेतला नव्हता त्याचा हिशेब मला मांडावा लागला. तू मित्राच्या कर्जावर सही करणार आहेस असे तुझी आई बोलता बोलता म्हणाली, म्हणून हे सांगतो आहे.

दुचाकीचे हप्ते आधी भर, कारण तारण ठेवलेले वाहन ओढून नेतात. कार्डाची बाकी पुरी फेडून नाहरकत पत्र घे आणि दोन्ही कर्जांच्या कागदांच्या प्रती जपून ठेव. मित्राच्या कर्जाचा जामिनाचा कागद सही करण्यापूर्वी रविवारी घेऊन ये, चहा घेता घेता वाचू.

तुझा,
काका